रीतसर चुका

आमच्या देवगडात चूक कशी सांगायची, हे कुणाला शिकवावं लागत नाही. रस्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत मात्र चुकीला आधी बोलायला शिकवावं लागतं.

काकांच्या आंब्याच्या पेट्यांचा हिशेब करणारा प्रोग्राम लिहायला घेतला. काका फोनवर टिपतात ती फाइल उघडायची, आकडे वाचायचे, बेरीज मारायची. एवढं चहा निवायच्या आत झालं. मग चुकांसाठी 'पेटीचूक' नावाचा एनम, म्हणजे चुकीच्या प्रकारांची यादी, केला (2021 पासून रस्टमध्ये नावं देवनागरीत चालतात) आणि कंपायलर, म्हणजे कोड तपासून चालण्याजोगा करणारा प्रोग्राम, दारात आडवा बसला.

त्याला एरर हा ट्रेट (एनमने पाळायचा करार) हवा होता. तो आतून रिकामा ठेवला तरी चालतो, पण त्याआधी डिबग (प्रोग्रामरला दाखवायचं रूप) आणि डिस्प्ले (वापरणाऱ्याला दाखवायचं रूप) हे दोन ट्रेट हवेतच. डिबग डिराइव्ह करून, म्हणजे कंपायलरकडूनच लिहवून, फुकटात मिळतो. डिस्प्लेचा मजकूर मात्र मॅचमध्ये एकेका प्रकारासाठी आपणच लिहायचा, तोही स्मॉल अक्षरांत आणि शेवटी पूर्णविराम न देता, अशी तिथली प्रथा. देवनागरीत कॅपिटल नाही, त्यामुळे अर्धी प्रथा आपोआप पाळली गेली. प्रश्नचिन्ह टाकून चूक वरच्या फंक्शनकडे ढकलायची, तर प्रत्येक परक्या चुकीसाठी फ्रॉम (तिला आपल्या चुकीत बदलणारा ट्रेट) लिहा: फाइलीच्या चुकीला वेगळा, आकड्याच्या चुकीला वेगळा.

एरर ट्रेटमधला सोर्स मात्र मला मनापासून आवडला. या चुकीमागची चूक कोणती, ते तो सांगतो. आमच्या वाडीत लाइट गेली तर नुसतं 'लाइट गेली' म्हणून कोण थांबतो? फणसाची फांदी तारेवर पडली, ती गेल्या वर्षीच तोडायची होती, तोडली नाही कारण फणस सामायिकातला, आणि सामायिकातले मुंबईला. रस्टमध्ये सोर्स दिला नाही तर 'नन' धरतात. कारणच नाही! आमच्याकडे असल्या माणसाला कोण ओट्यावर बसू देईल?

दिसएरर नावाचा क्रेट (आयत्या कोडचं पॅकेज) ही सगळी हमाली करतो, पण तो उतरवायला रेंज लागते.

शेवटी प्रोग्राम चालला आणि पहिल्याच ओळीला अडला: '१२' हा आकडा नाही. मजकुरातून आकडा काढणाऱ्या पार्सला फक्त इंग्रजी आकडे कळतात. देवनागरीचं कौतुक नावांपुरतंच.

"बारा आकडो नाय, तर मगे काय आसा?" काकांनी विचारलं.

मी एनममध्ये 'मराठीआकडा' हा नवा प्रकार घातला. कंपायलरने लगेच विचारलं, डिस्प्लेच्या मॅचमध्ये हा कुठाय?