तळहात उबदार, म्हणून रक्ताभिसरण उत्तम?

इंदूरच्या रामबागेतील आमच्या ज्येष्ठ मंडळींच्या व्हॉट्सॲप समूहात सध्या एक संदेश फिरतो आहे: ‘यकृताच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन कमी असेल तर घाबरू नका, पातळ रक्त सहज वाहते, वाढवायचेच तर दोन-तीन बाटल्या रक्त चढवा, नाहीतर बीटाचा रस आणि लोहाच्या गोळ्या द्या.’

पातळ रक्ताला वाहताना अडथळा कमी होतो, एवढे खरे. परंतु सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत कायमचे निबर होण्याच्या विकारात, पोटातील रक्तवाहिन्या नायट्रिक ऑक्साइडमुळे आधीच सैलावलेल्या असतात, त्यामुळे रक्तदाब उतरतो आणि तो सावरण्यासाठी हृदय विश्रांतीतही नेहमीपेक्षा अधिक रक्त ढकलत असते. त्यात हिमोग्लोबिन घटले की रक्तातून प्राणवायू कमी पोहोचतो आणि तीच तूट भरून काढायला हृदयाला आणखी धावावे लागते. शेजारच्या काकांचा हात हाती घेतला तेव्हा तो उबदार होता, तळवा चांगला लालसर होता, आणि अहवालात हिमोग्लोबिन होते ८! ही लाली यकृताच्या विकाराचीच खूण असू शकते. फिकेपणा पाहायचा तर खालची पापणी ओढून पाहावी. मूत्रपिंडांना तर, शरीरात एवढे पाणी असूनही, रक्त अपुरेच भासते, म्हणून ती मीठ-पाणी धरून ठेवतात आणि पोटात पाणी साठते.

बाटल्यांचा सल्ला अधिक धोक्याचा आहे. रक्त वाढले की यकृताकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेतील (पोर्टल व्हेनमधील) दाब वाढतो आणि अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा पुन्हा फुटू शकतात. जठर-अन्ननलिकेतील रक्तस्रावाच्या रुग्णांवरील बार्सिलोनाच्या अभ्यासात (२०१३) हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलेल्यांपैकी ९५ टक्के सहा आठवड्यांनी हयात होते. ९ च्या खाली जाताच दिलेल्यांपैकी ९१ टक्के. रक्तस्राव अतिशय जोराचा असेल किंवा हृदयविकार असेल, तर निर्णय अर्थातच वेगळा होतो.

राहिले बीट आणि लोह. रक्तक्षयाचे कारण वाढलेली प्लीहा, फोलेट या जीवनसत्त्वाची कमतरता किंवा मद्य असेल, तर लोहाने काय साधणार? लोहाची कमतरता असली तरी यकृताच्या दाहाने फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) वाढलेले दिसते आणि ती झाकली जाते, त्यामुळे तपासणीवाचून गोळ्या सुरू करू नयेत. शिवाय बीटाने शौच लालसर होते आणि लोहाने काळे, आणि पोटातील रक्तस्रावही नेमका याच दोन रंगांनी कळतो.