खोदा म्हणणं सोप्पंय

रामेश्वर करून आलेल्या बालाजीनं मोबाईलवरचा नकाशा आमच्या नाकापुढं धरला. धनुष्कोडीच्या टोकापासून लंकेचं तलैमन्नार जेमतेम तीस किलोमीटर. "मंग मुंबईहून कलकत्त्याला जाणारं जहाज अख्ख्या लंकेला वळसा काहून घालतंय? मधून घाला की!"

"बूड टेकतं म्हणून," मुंजाभाऊ म्हणाले अन् परत पेपरात घुसले.

बरोबरच आहे त्यांचं. वर पाल्कची सामुद्रधुनी, खाली मन्नारचं आखात, दोन्हींच्या मधी रामसेतूची वाळू-खडकाची रांग. तिथं कुठंकुठं पाणी मीटरभरच. होडी जाते, मालाचं जहाज नाही जात.

"मंग खोदा!"

घेतलं होतं ना खोदायला. सेतुसमुद्रम म्हणजे याच कालव्याचं सरकारी काम २००५ ला सुरू झालं. १२ मीटर खोल अन् ३०० मीटर रुंद वाट काढायची होती. सेतू तोडण्यावरून प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, २००७ ला सेतूला हात लावायची मनाई झाली. हे निघालं की कट्ट्याचे दोन तट पडणारच. अर्धे रामाकडून, अर्धे विकासाकडून. कामाचं बोलला तो एकटा गफारभाई. त्याचं पोकलेन उन्हाळ्यात धरणातला गाळ काढायला असतं. "आमचं धरण एका पावसात परत भरतंय. तिथं तर दोन्ही अंगानं समुद्र वाळू लोटतो. एकदा खोदून भागतंय का? मशीन कायमचं तिथंच उभं करा मग." वरून, कंटेनरच्या आजच्या मोठ्या जहाजांना १२ मीटर पाणी पुरतच नाही. म्हणजे एवढा खर्च करून ती लंकेला वळसा घालूनच जाणार. माझ्या लेखी वाद तिथंच संपला होता, पण आमच्याकडं वाद असा संपत नसतो.

दत्तानं कच्चतीवूचा विषय काढला. पाल्कच्या सामुद्रधुनीतलं २८५ एकरांचं बेट, १९७४ च्या करारात लंकेकडं गेलं. "म्हणून तर लंकावाले आपल्या कोळ्यांना पकडतात!" बालाजी तापला.

"नुसतं बेटामुळं नाही," दत्ता म्हणाला. "आपले ट्रॉलर जाळं तळाशी घासत नेतात. तळाची पिल्लंबी खरवडून येतात, अन् उत्तर लंकेतल्या जाफन्याच्या बारक्या होडीवाल्यांची जाळी फाटतात ती वेगळीच. तेबी तमिळच ना? लंकेनं २०१७ ला असल्या मासेमारीवर कायद्यानंच बंदी घातली."

यावर बालाजीजवळ उत्तर नव्हतं, म्हणून त्यानं विषय रेल्वेवर नेला. पूर्वी गाडी धनुष्कोडीपर्यंत जायची, तिथून बोटीनं तलैमन्नार, पुढं परत रेल्वे. मद्रासहून कोलंबोला लोक असेच जायचे. १९६४ च्या डिसेंबरातल्या चक्रीवादळात धनुष्कोडी उद्ध्वस्त झालं, पांबनहून निघालेली पॅसेंजर माणसांसकट गेली. "आता पूलच बांधावा, थेट लंकेपर्यंत!"

मुंजाभाऊंनी पेपराची घडी केली. "आधी आपल्या मनमाड लाईनचं दुहेरीकरण होऊ दे बाप्पा, लंकेचं मंग बघू."