वर कोण जाणार?

आमच्या इंदिरानगरातल्या इमारतीला बाहेरून, तिसऱ्या मजल्याच्याही वर, ड्रेनेजच्या पाइपाला टेकून पिंपळ उगवला. कुठल्याशा पाखराने फळ खाल्लं, भिंतीवर शिटलं, भेगेत बी रुजलं. इतक्या कमी भांडवलात नाशकात दुसरं कुणाचंही बांधकाम उभं राहत नाही. तेव्हा दोनच पानं होती. बाहेरची भिंत सोसायटीची, की ज्याच्या बाथरूममागे आहे त्याची, यावर सभेत दोन वर्षं चर्चा झाली. तोवर पिंपळ मनगटाएवढा झाला. मग प्लास्टरचा एक पोपडा चेअरमनसाहेबांच्या स्कूटरवर पडला आणि त्याच संध्याकाळी ठराव झाला, काढायचा. माणूस मी आणायचा, कारण बाथरूम माझं.

पहिला प्लंबर आला. कपाळावर हात आडवा धरून त्याने वर पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत वर. "पाइपाचं काम असतं तर केलं असतं, हे झाडाचं आहे." माळी म्हणाला, "जमिनीतलं असतं तर केलं असतं, हे भिंतीचं आहे." गवंड्याने परांची बांधायचा जो आकडा सांगितला, त्यात मी पिंपळासाठी वेगळा फ्लॅट घेतला असता. रंगाऱ्याकडे स्वतःचा घोडा होता, पण त्यावर चढून फार तर पहिल्या मजल्यावरच्या वहिनींशी गप्पा मारता आल्या असत्या. मंडपवाल्याकडे उंच शिडी होती. ती गणपती होईपर्यंत मिळणार नव्हती.

एकाने मात्र सगळं कबूल केलं. दर ठरला, चहा झाला, आणि कप खाली ठेवता ठेवता तो म्हणाला, "पिंपळ आहे ना? मग शनिवारी नको. अमावस्येला नको. एकदा गुरुजींना विचारून घ्या." नाशकात गुरुजींना काय तोटा! रामकुंडावर दहा पावलांत दहा भेटतील. त्यांनी मुहूर्त दिला. मुहूर्तावर मी हजर, पिंपळ हजर, हा गायब.

सल्ला द्यायला मात्र माणसं कमी पडली नाहीत. मुळात हिंग भरा, मीठ घाला, ॲसिड ओता. ते ओतायला वर कोण जाणार, असं विचारलं की सगळ्यांना कुकरची शिट्टी ऐकू यायची. नुसता छाटून उपयोग नाही, हे मात्र खरं. पिंपळाला ती हजामत वाटते. महिन्याभरात दुप्पट फुटतो.

गॅलरीतून पांडवलेणी दिसतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्या डोंगराच्या उभ्या अंगावर माणसं छिन्नी-हातोडा घेऊन गेली आणि आज तिथे २४ लेणी आहेत. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ३००० कार्षापणं, म्हणजे तेव्हाची नाणी, ठेवली, कुठल्या रकमेला किती व्याज, हे सगळं तिथे दगडात कोरलेलं आहे. पण त्या कड्याला चिकटून काम करणारा माणूस कुठून आणला आणि त्याने रोज किती घेतला, याबद्दल चकार शब्द नाही. मला नेमकं तेवढंच हवं होतं.

शेवटी दूधवाल्याच्या ओळखीचा एक पोरगा आला. विशीतला, काडीपैलवान. त्याने वर पाहिलंच नाही.

"हजार रुपये, काका."

"दोर आणलाय का?"

"आहे ना. घरी."

दोराशिवाय गच्चीच्या कठड्याला हात लावायचा नाही, असं मी त्याला बजावलं. तो कुरकुरत परत गेला आणि तासाभराने जाडजूड दोर घेऊन आला. टाकीखालच्या कॉलमला दोन वेढे मारले, कमरेला गाठ, चपला कठड्याजवळ नीट जोडून ठेवल्या आणि तो पलीकडे उतरला. दोर बांधलेला असूनही मी तो दोन्ही हातांनी धरून बसलो. "सोडा तो," बायको म्हणाली, "त्याचा जीव कॉलमवर आहे, तुमच्यावर नाही."

खालून छिन्नीचे ठोके येत होते. मध्येच ते थांबले. माझ्या पोटात गोळा आला. मग मोबाइलची रिंग, आणि पाठोपाठ त्याचा निवांत आवाज :

"हां आई, बोल. नाही गं, वर कुठं? खालीच उभाय मी."

मी दोराचा आणखी एक वेढा मनगटाला घेतला.