नाक चोंदलं म्हणून प्राणायाम सोडू नका

प्राणायामावरच्या एका लेखात म्हटलंय की नाक बंद असेल तर अनुलोम-विलोम (एकेका नाकपुडीने आलटून-पालटून श्वास घेणं) नकोच. मला हे पटत नाही. माझ्या नाकाचा पडदा डावीकडे वाकलेला आहे, पावसाळ्यात ती नाकपुडी जवळपास बंदच असते. मी आधी दहा मिनिटं उजव्या कुशीवर पडते, वरची नाकपुडी हळूहळू मोकळी होते. मग जलनेती, म्हणजे एका नाकपुडीतून मिठाचं पाणी घालून दुसरीतून बाहेर काढणं: उकळून कोमट केलेलं अर्धा लिटर पाणी, त्यात साधारण साडेचार ग्रॅम मीठ. नळाचं कच्चं पाणी कृपा करून कधीही वापरू नका, आणि नंतर पुढे वाकून नाकातलं पाणी पूर्ण निथळू द्या. तरीही श्वास अडलाच तर सावकाश भ्रामरी करते, म्हणजे भुंग्यासारखा आवाज करत श्वास सोडते, गुंजनाची थरथर अगदी गालफडांपर्यंत जाणवते. चोंदलेल्या नाकाने जोर लावून कपालभाती मात्र नको, माझ्या कानाला दडे बसले होते.