‘पोरांना घाबरवू नका’ म्हणणाऱ्या सरांसाठी

सर, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. बी.एड.ला किती खर्च येतो आणि नंतर हातात किती पडतं हे मी लिहिलं, त्यावर तुम्ही म्हणताय की ज्या पुण्यात सावित्रीबाईंनी अंगावर शेण झेलून मुली शिकवल्या तिथं मी शिक्षकी पेशा पैशात मोजतेय आणि अशानं चांगली पोरं या लाईनला येणारच नाहीत.

राग नाही आला सर, वाईट मात्र वाटलं. कारण मी स्वतः नववी-दहावीला गणित शिकवते आणि मला दुसरं काही करायचंच नव्हतं.

तुम्हीच लिहिलंय की ८९ ला डी.एड. झालात आणि तीन महिन्यांत झेडपीत लागलात. पहिल्या महिन्यापासून पूर्ण पगार, आता पेन्शन. शिक्षण सेवक प्रकार, म्हणजे आधी तीन वर्षं नुसतं मानधन आणि मगच पूर्ण पगार, २००० ला आला आणि १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली, म्हणजे तुम्ही ज्या रस्त्यानं आलात तो आमच्यासाठी राहिलाच नाही.

माझं सांगते. बी.एड. दोन वर्षांचं झाल्यावरची मी, विनाअनुदानित कॉलेज, २०१८ ला पास. पवित्र पोर्टलवरच्या शिक्षक भरतीसाठीची टेट परीक्षा डिसेंबर २०१७ ला झाली तेव्हा माझं शेवटचं वर्ष चालू होतं, आणि पुढची टेट आली थेट २०२३ च्या फेब्रुवारीत! मधली पाच वर्षं एका खासगी शाळेत काढली, तिथं सही एका आकड्यावर घ्यायचे आणि हातात भलताच द्यायचे. फीसाठी आईच्या पाटल्या पतपेढीत होत्या. दर मार्चला बाबा व्याज भरून तारण रिन्यू करून आणायचे आणि जुनी पावती फाडायचे नाहीत, देवघराखालच्या डब्यात ठेवायचे, त्या पावत्या अजून आहेत आणि मी तो डबा उघडत नाही. आता शिक्षण सेवक म्हणून महिन्याला १८,००० मानधन, तीन वर्षं, प्राथमिकला तर १६,०००च. यातून पुण्यात खोलीभाडं वजा करून बघा सर.

हे सगळं ॲडमिशनच्या आधी कुणी सांगितलं असतं तरी मी शिक्षिकाच झाले असते, फक्त पाटल्या गहाण पडल्या नसत्या. म्हणून लिहिलं.

मागच्या आठवड्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी आईला घेऊन आली, बारावी सायन्स झालीये, टीचर व्हायचंय म्हणते. आई कोथरूडला चार घरी पोळ्या करते. मी नको नाही म्हटलं हो! बी.एस्सी. घराजवळच्या अनुदानित कॉलेजला कर, तेव्हापासूनच ट्यूशन्स घे, सीईटी नीट दे म्हणजे बी.एड.पण अनुदानितला मिळेल, नाही मिळालं तर एक वर्ष थांब पण लोन काढून कुठंही घुसू नकोस, असं सांगितलं. अनुदानित-विनाअनुदानितच्या फीत जमीन-अस्मानाचा फरक असतो हे दोघींना माहीतच नव्हतं. आईनं दोन्ही आकडे माझ्याकडून परत वदवून घेतले आणि पोरीला म्हणाली, लिहून घे.