काकांची गिटार आणि दातांच्या डॉक्टरचा आरसा

गिटार वाजवता येते असं लोकांना कळलं, तर फार तर गणपतीत दोन गाण्यांना बोलावतात. गिटार ओळखता येते असं कळलं, की मात्र गावभरचे माळे उघडतात. मग लग्नाच्या पंगतीत, सत्यनारायणाच्या प्रसादाला, कुठेही कोणीतरी मला कोपऱ्यात गाठतं आणि आवाज खाली आणून विचारतं, "आमच्या काकांची एक गिटार आहे हो. पन्नास वर्षं तरी झाली असतील. काय येतील तिचे?" काका बहुतेक वेळा कुठल्याशा ऑर्केस्ट्रात असतात. गिटार कायम पन्नास वर्षांची असते. दहा वर्षांपूर्वीही ती पन्नासचीच होती.

मग व्हॉट्सॲपवर फोटो येतो. फुलाफुलांच्या चादरीवर, समोरून, ट्यूबलाइटच्या उजेडात. लग्नासाठी पाठवलेल्या फोटोवरून स्वभाव जेवढा कळतो, तेवढीच गिटार त्यातून कळते. म्हणून मी तीन वेगळे फोटो मागतो: साउंडहोलमधून, म्हणजे पोटावरच्या गोल भोकातून, आतला, गिटारीच्या डोक्याच्या मागचा, आणि ब्रिजचा, म्हणजे तारा खाली जिथे अडकवतात त्या लाकडी पट्टीचा, बाजूने काढलेला. इथे निम्मी माणसं गळतात. उरलेली गिटारच घेऊन घरी येतात.

सामान फार लागत नाही. दातांचे डॉक्टर वापरतात तो छोटा आरसा, एक टॉर्च, स्टीलची पट्टी, एक कागदाचा कपटा आणि एक व्हिजिटिंग कार्ड. आरसा काढला की घरातली म्हातारी माणसं जरा मागे सरकतात.

डोक्यावर लिहिलेल्या नावापासून सुरुवात करू नये, हे माझं ठाम मत. आपल्याकडे माळ्यांवरून निघणाऱ्या 'गिब्सन' पुष्कळदा 'गिवसन' असतात. पहिली अमेरिकेत कलामाझूला जन्मलेली, दुसरी कोलकात्याची. ती काही नकली नव्हे, बिचारी स्वतःच्या नावानंच उभी आहे. आशेनं माणूस घाईघाईत वाचतो, एवढंच. मी ते एक अक्षर दाखवतो तेव्हा मालक आधी चष्मा पुसतो, मग माझ्याकडे संशयानं बघतो.

म्हणून आत बघायचं. मार्टिन या अमेरिकी कंपनीचा कारभार सरळ आहे. १८९८ साली त्यांनी ८००० पासून नंबर घालायला सुरुवात केली आणि अजून त्याच ओळीत चालले आहेत. मान जिथे खोक्याला मिळते त्या आतल्या ठोकळ्यावर नंबर ठोकलेला असतो, आणि १९३० च्या अखेरीपासून त्याच्यावर मॉडेलचं नावही. यादी काढा, वर्ष मिळालं, चहा प्या. गिब्सनच्या साठच्या दशकातल्या नंबरांनी मात्र भल्याभल्यांना रडवलंय, कारण तेच नंबर त्यांनी पुन्हा पुन्हा वापरले. एकच नंबर वेगवेगळ्या सालांच्या गिटारींवर सापडतो. तिथे अंगलक्षणंच बघावी लागतात. १९६५ च्या सुमारास त्यांनी नटची, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची, रुंदी सुमारे ४० मिलिमीटरपर्यंत अरुंद केली. जे-४५ मॉडेलचे उतरते खांदे १९६९ पर्यंत टिकले, मग चौकोनी झाले. ब्रिजवर दोन मोठे स्क्रू आणि वरखाली होणारं सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी, दिसलं, तर ती बहुधा साठच्या दशकातली. १९७७ पासून आठ आकडी नंबर आले. त्यातला पहिला आणि पाचवा आकडा शेजारी ठेवला की साल, मधले तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. एखाद्याच्या गिटारीवर १५ ऑगस्ट निघाला की तो किंमत आपोआप वाढवतो.

भारतात खरोखर हाती लागण्याची शक्यता जास्त ती जुन्या यामाहाची. १९६६ मध्ये एफजी-१८० आणि एफजी-१५० निघाल्या. साउंडहोलमधून लाल लेबल आणि त्यावर 'निप्पॉन गाक्की' हे यामाहाचं तेव्हाचं नाव दिसलं, की ती सुरुवातीच्या वर्षांतली. या 'रेड लेबल'चं नाव लोक देवळातल्यासारखं घेतात. आणि मग मला तो अप्रिय उद्योग करावा लागतो: साउंडहोलची कड उजेडात बघणं. अखंड लाकूड असेल तर वरच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरतात. प्लाय असेल तर कडेवर आडवे थर दिसतात, मधला थर अनेकदा गडद. एफजी-१८० चा वरचा तक्ता प्लायचा आहे. २०१६ मध्ये आलेल्या, कुठल्याही दुकानात मिळणाऱ्या एफजी-८०० चा तक्ता अखंड स्प्रूसचा आहे. हे एका दमात सांगू नये. मधे पाणी द्यावं.

(प्लाय वाईट असं मात्र कोणी म्हणू नये. ती जुनी यामाहा प्लायची आहे म्हणूनच तर आपल्या पावसाळ्यांतून जिवंत बाहेर आली. आणि वाजते छान.)

पाठीचीही तपासणी तशीच. बाहेरून एखादी गाठ किंवा वेडीवाकडी रेघ हेरायची आणि आरशानं आत त्याच जागी ती आहे का बघायचं. बाहेर भरजरी शिसव आणि आत पांढरंफटक काहीतरी दिसलं, की विषय संपला. आरसा आत आहेच तर तक्त्याला आतून आधार देणाऱ्या पट्ट्याही बघून घ्याव्यात. इंग्रजी एक्ससारख्या एकमेकींना छेदणाऱ्या असल्या तर बरं. शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या असल्या तर ती गिटार स्वस्तात बनवलेली असण्याची शक्यता दाट. बारीक टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुगा दिसला, तर ती गिटार आधी घराबाहेर ठेवा. भुंग्याला प्लाय आणि सागवानी कपाट यातला फरक कळत नाही.

आता मुख्य दुखणं. बारा गेजच्या, म्हणजे नेहमीच्या जाडीच्या, तारा सुरात लावल्या की गिटारीवर सुमारे ७३ किलोचा ताण येतो. म्हणजे एक भरल्या अंगाचा मामा रात्रंदिवस तिला लटकून आहे, आणि काकांनी तारा कधीच सैल केल्या नव्हत्या. पन्नास वर्षांत ब्रिजमागचा तक्ता फुगतो, मान पुढे झुकते, तारा वर उचलल्या जातात. बाराव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या बाराव्या आडव्या धातूच्या पट्टीवर, जाड तारेखाली सुमारे २.५ मिलिमीटर जागा असावी. माळ्यावरच्या गिटारीत चार, पाच, कधी सहा. एफचा बार कॉर्ड लावताना बोटांतून रक्त यायचं बाकी राहतं.

मालक म्हणतो, "सॅडल घासून टाकू की!" इथे हिशेब ऐकावा. बाराव्या फ्रेटवर १ मिलिमीटर कमी करायचा तर सॅडलवरून २ मिलिमीटर उतरवावे लागतात, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर. चारावरून अडीचवर यायचं म्हणजे ३ मिलिमीटर घासायचे. ब्रिजच्या वर सॅडल शिल्लक आहे २ मिलिमीटर. उरलेला १ आणायचा कुठून? काही सुतार तो ब्रिजच रंध्यानं तासून आणतात. तसं केलं की तारा सॅडलवर नीट दाबून बसत नाहीत, आवाज मरतो आणि गिटारीची किंमतही.

"मग ट्रस रॉड फिरवू." मानेच्या आतली ही सळई फिरवणं, हा दुसरा लोकप्रिय उपाय. ट्रस रॉड तारांची उंची ठरवायला नसतो, मानेची कमान ठरवायला असतो. पहिला आणि चौदावा फ्रेट दाबून धरायचा आणि सातव्याजवळ तार आणि फ्रेट यांत फट बघायची. व्हिजिटिंग कार्ड साधारण ०.३ मिलिमीटर जाड असतं. ते तार न हलवता सहज शिरत असेल तर कमान जास्त आहे. मग पाव फेरा उजवीकडे, पुन्हा सूर लावा, पुन्हा बघा. एकदम दोन फेरे देणाऱ्यांच्या हातात रॉडचं टोक तुटून येतं. आणि १९८५ च्या आधीच्या मार्टिनमध्ये ॲलन की घालायला भोक शोधत बसू नये. तिथे फिरवता येणारा रॉडच नाही.

खरी परीक्षा पट्टीची. फ्रेटांवर पट्टी ठेवून ब्रिजकडे सरकवा. ती ब्रिजच्या लाकडाच्या माथ्यावर टेकली तर मानेचा कोन ठीक. ब्रिजच्या कपाळावर आपटली तर मान काढून पुन्हा बसवणं आलं. पंधरावा फ्रेट काढायचा, त्या खाचेत बारीक भोक पाडायचं, आत वाफ सोडायची, जुना सरस मऊ झाला की मान हळूच उपसायची, मानेच्या टाचेवरून केसाएवढं लाकूड काढायचं, सांध्यात चिपा भरायच्या आणि पुन्हा चिकटवायचं. प्लायच्या गिटारीत याच वाफेनं थर सुटायला लागतात. आणि ज्या स्वस्त गिटारीची मान कारखान्यातच भलत्या गोंदानं कायमची डकवली आहे, तिच्यात वाफ सोडून फक्त घर दमट होतं. आधुनिक गिटारी इथे शहाण्या निघाल्या. टेलर या अमेरिकी कंपनीनं १९९९ पासून बोल्टनं जोडलेल्या मानेत बदलता येणाऱ्या चकत्या घातल्या. बोल्ट सोडा, आत पातळ चकती बदला, कोन बदलला. जुन्याचे भक्त याला 'आत्मा नाही' म्हणतात. दुरुस्तीचं बिल आलं की त्यांचा आत्मा थोडा वेळ गप्प असतो.

कागदाचा कपटा ब्रिजच्या मागच्या कडेखाली. सरकत गेला तर ब्रिज सुटत चाललाय. तारा लगेच उतरवा.

हवामानाचा जाच नव्या-जुन्या दोघींना सारखाच. गिटारीला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मुंबईत जुलैत ती ८५-९० ला जाते. लाकूड रेषांना आडवं फुगतं, तक्ता वर येतो, ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, वाढते. दिवाळीनंतर आपोआप उतरते, पण तोवर मालकानं सॅडल घासून घेतलेलं असतं आणि डिसेंबरात तारा खणखणायला लागतात. अमेरिकेतल्या कोरड्या थंडीसाठी लिहिलेले सल्ले वाचून मुंबईतली माणसं पावसाळ्यात केसमध्ये ह्युमिडिफायर ठेवतात. मुंबईकरानं सिलिका जेल ठेवावं. ओलावा हवा तो नागपूरकराला, मे महिन्यात, जेव्हा फ्रेटांची टोकं मानेच्या कडेनं बाहेर येऊन तळवा खरवडतात. त्यासाठी भोकं पाडलेली साबणाची डबी आणि घट्ट पिळलेला स्पंज पुरतो. पिळलेला म्हणजे खरंच पिळलेला.

एवढं झाल्यावर येतो कायमचा वाद: जुनीचा आवाज तो जुनीचाच. यात तथ्य आहे, पण अर्धं. १९४४ पर्यंतच्या मार्टिनच्या आतल्या पट्ट्या खोबणी काढून हलक्या केलेल्या असत, म्हणून त्या डरकाळी फोडतात. नंतर पट्ट्या जाड झाल्या आणि १९७६ च्या एचडी-२८ मॉडेलपासून खोबणी परत आली. सत्तरच्या दशकातल्या पुष्कळ मार्टिनचा ब्रिज किंचित चुकीच्या जागी बसल्याचं दुरुस्तीवाल्यांमध्ये सर्वश्रुत आहे. मानेवर वरच्या फ्रेटांकडे बोटं सरकली की सूर घसरतो. म्हणजे मार्टिनची पन्नास वर्षांची डी-२८ आजच्या एचडी-२८ पेक्षा सरस असेलच असं नाही. आता तर कारखान्यातच स्प्रूस कमी प्राणवायूत भाजून म्हातारं करून देतात. थोडे जास्त पैसे दिले की ओरखडेही मिळतात. काकांनी ते फुकट पाडले होते.

लाकडाचा गर्वही असाच. ब्राझीलची शिसव म्हणजे संग्राहकांचा जीव की प्राण, कारण १९६९ मध्ये मार्टिननं ती सोडून आपल्या दक्षिण भारतातली शिसव धरली. दोन्ही उत्तम. पण १९९२ पासून ब्राझीलच्या शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आहेत, तेव्हा परदेशातल्या आपल्या भाच्यानं 'जुनी डी-२८ स्वस्तात मिळतेय, येताना आणू का' असं विचारलं, तर आधी कागद बघायला सांगावं. आपल्या शिसवीवरही २०१७ मध्ये बंधन आलं होतं. तयार वाद्यांना २०१९ अखेर सूट मिळाली. न्यू जर्सीत असेल तर त्याला पेनसिल्वेनियातल्या नाझरेथला पाठवा. गाडीनं जाऊन संध्याकाळी परत येण्याइतकं ते जवळ आहे, मार्टिनचा कारखाना आणि संग्रहालय दोन्ही बघता येतात, आणि फुकट विमानवाहतूक मागणाऱ्या मामालाही जरा शांत करता येतं.

शेवटी मालक विचारतोच, "मग हिचं करू काय?" पॉलिश करू नका, हे पहिलं. अस्सल जुनी असेल तर मूळ पॉलिश घालवल्यानं किंमत घसरते. नसेल तर पॉलिशचे पैसे वाया. बदललेले जुने खुंटे, सॅडल, पिना पिशवीत घालून केसमध्येच ठेवा. मान सरळ करणं परवडत नसेल आणि ॲक्शन पाच-सहा मिलिमीटरवर असेल, तर नटवर बसणारा उंच लोखंडी नट घ्या, स्टीलचा बार घ्या आणि मांडीवर आडवी ठेवून हवाइयन गिटारसारखी वाजवा. आपल्याकडे जुन्या हिंदी गाण्यांच्या धुना हवाइयनवर वाजवायची पद्धत होती, आणि माळ्यावरच्या काही गिटारींचा नट मुळात त्याच कामासाठी उंच केलेला असतो. तेवढा बदलला तरी कधी कधी अर्धं दुखणं जातं. तारा मात्र गुळगुळीत वेटोळ्याच्या, फ्लॅटवाउंड मागा. नेहमीच्या वेटोळ्यावरून बार सरकला की किरकिर होते.