खोक्यावरची बाई

2025 च्या ऑगस्टमध्ये क्रॅकर बॅरल या अमेरिकेतल्या हॉटेलांच्या साखळीने आपल्या लोगोवरचा, पिंपाला टेकून बसलेला म्हातारा काढला. लगेच गदारोळ झाला, राष्ट्राध्यक्षांनीही त्यात तोंड घातलं आणि आठवड्याभरात म्हातारा जागेवर परत आला. झालं, नाशिकहून आमच्या घरच्या ग्रुपवर माझ्या मामेभावाने, दादाने, लिहिलं: "आता त्या पॅनकेकवाल्या मावशीलाही परत आणा. पाच वर्षांपूर्वी उगाच हाकलली बिचारीला. तुम्हा लोकांना तिकडे अमेरिकेत दुसरे उद्योग नाहीत." खाली अंगठ्यांची रांग लागली. एका काकूंनी भर घातली, "उद्या अमूलच्या मुलीलाही काढतील."

दादावर माझा राग नाही, त्या अंगठ्यांवर आहे. त्यातल्या एकानेही ती बाई कोण होती हे विचारलं नाही.

क्रॅकर बॅरलचा म्हातारा गोरा आहे, कंपनी काढणाऱ्याच्या घरातलाच आहे. आपल्याच काकाचं चित्र आपल्या दुकानावर लावलं, काढलं, परत लावलं, तो त्यांचा घरचा मामला. दादाच्या पॅनकेकवाल्या मावशीची, म्हणजे ‘आंट जमायमा’ पिठाच्या खोक्यावरच्या काळ्या बाईची, गोष्ट वेगळी आहे. मिसुरीतल्या सेंट जोसेफ गावात 1889 मध्ये दोन गोऱ्या माणसांनी पॅनकेकचं तयार पीठ काढलं. त्याला नाव दिलं ते गोरे नट तोंडाला काळं फासून काळ्या माणसांच्या ज्या नकला करायचे, तिथल्या एका गाण्यातलं. मग 1893 मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते पीठ खपवायला खरीखुरी बाई उभी केली. तिचं नाव नॅन्सी ग्रीन. केंटकीत 1834 मध्ये गुलामीत जन्मलेली, साठीला टेकलेली. तिने लोकांसमोर पॅनकेक भाजायचे आणि मळ्यावरचे जुने दिवस किती सुखाचे होते याच्या गोष्टी हसत हसत सांगायच्या. ज्या गुलामीतून ती सुटली, तिचीच गोडी गायची, हे तिचं काम. पुढे शंभरेक वर्षं तेच हसू खोक्यावर छापलं गेलं. 1989 मध्ये डोक्याचं फडकं काढून कानात मोती घातले. दादा म्हणतो, शेवटी शेवटी तर चांगली नटलेली, प्रसन्न बाई होती, कोणाला काय बोचत होतं? ती सव्वाशे वर्षं कोणाला नाश्ता वाढत होती, ते बोचत होतं.

शिकागोत राहणाऱ्या आम्हा मराठी लोकांना 1893 हे साल पाठ आहे. भारतातून कोणीही आलं की आम्ही आर्ट इन्स्टिट्यूटला नेतो, स्वामी विवेकानंद बोलले ती जागा दाखवतो, फोटो काढतो. मीही नेते, आणि दर वेळी ऊर भरून येतो. पण सर्वधर्मपरिषद त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती, आणि तेव्हा दक्षिणेला जॅक्सन पार्कात नॅन्सी ग्रीन तव्यासमोर उभी होती. तिथेच काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे फ्रेडरिक डग्लस आणि आयडा बी. वेल्स एक पुस्तिका वाटत होते. या प्रदर्शनात अमेरिकेतल्या काळ्या माणसाला जागा का नाही, असा तिचा सवाल होता. पाहुण्यांना आम्ही हे कधीच सांगत नाही. आपला माणूस तिथे जिंकला, एवढ्यावर आमचं 1893 संपतं.

नॅन्सी ग्रीन 1923 मध्ये मोटारीच्या अपघातात गेली. ओक वूड्सच्या दफनभूमीत तिला पुरलं, आणि कबरीवर साधा दगडसुद्धा नव्हता. तो लागला 2020 च्या सप्टेंबरात, इथल्या काळ्या वस्तीचा इतिहास जपणाऱ्या ब्राँझव्हिल हिस्टॉरिकल सोसायटीच्या चिकाटीमुळे. आयडा बी. वेल्सही त्याच दफनभूमीत आहेत. त्याच वर्षी मिनियापोलिसला पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा जीव गेला तो 25 मेला. 17 जूनला आंट जमायमा विकणाऱ्या क्वेकर कंपनीने ते नाव आणि चित्र काढत असल्याचं जाहीर केलं. तोवर त्या नावाने मोठी झालेली कंपनी आणि ते पीठ वर्षानुवर्षं घरी आणणारे आपण, कोणालाही तिच्या कबरीची आठवण झाली नव्हती.

ग्रुपवर दादाने मग त्याचा आवडता मुद्दा काढला. आपण घरी कामाला येणाऱ्या बाईंना मावशी म्हणतो, ड्रायव्हरला काका म्हणतो, त्यात कसला आला अपमान? दादा, अमेरिकेच्या दक्षिणेत म्हाताऱ्या काळ्या माणसाला मिस्टर, मिसेस म्हणायचं नाही म्हणून आंट आणि अंकल म्हणायचे. ‘अंकल बेन’ हे तिथल्या एका तांदळाचं जुनं नाव त्याच रिवाजातलं. खोक्यावरच्या चित्राला बसलेला माणूस, फ्रँक ब्राऊन, शिकागोच्या एका हॉटेलात पाहुण्यांचं स्वागत करून त्यांना टेबल देणारा प्रमुख होता, त्याचं तांदळाशी काही नातं नव्हतं. आणि आपल्या मावशींचंच म्हणशील तर, नाशिकच्या घरी मोरीच्या वरच्या फळीवर एक स्टीलचा कप असायचा, कडेला चेपलेला. मावशींचा चहा त्याच कपात. त्या तो स्वतः विसळून पालथा घालायच्या आणि चहा दाराशी उकिडव्या बसून प्यायच्या. आजही तुमच्या नव्या सोसायटीत कामवाल्यांची लिफ्ट वेगळी आहे, ते मी मागच्या डिसेंबरात पाहिलं. मावशी म्हणून त्यांना खुर्ची कोणी दिली होती?

अमूलच्या मुलीचं मात्र मला खरंच कौतुक आहे, आणि एअर इंडियाच्या महाराजाचंही. 1946 मध्ये बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी मुंबईत तो महाराजा घडवला. आपणच आपलं चित्र काढलं, आपणच हसलो. त्याची मिशी आपल्याला बोचली नाही, कारण ते चित्र दाखवून आपल्याला कोणी बसमध्ये मागे बसवलं नव्हतं. आपलं चित्र दुसऱ्याने काढलं की कसं वाटतं हे बघायचं असेल तर 2012 ची पॉपचिप्स या अमेरिकन चिप्सची जाहिरात आठवा. ॲश्टन कुचर हा गोरा नट तोंडाला तपकिरी रंग फासून बॉलिवूडचा निर्माता राज झाला होता. बोंबाबोंब झाली तेव्हा ती मागे घेतली. नाशिकला तेव्हाही सगळ्यांना ती मजेशीरच वाटली होती. आमचा मुलगा तेव्हा मिडल स्कूलला होता. पिवळ्या बसमधून उतरताना मागची पोरं ‘सिम्पसन्स’ या कार्टून मालिकेतल्या भारतीय दुकानदार अपूच्या बोलण्याची नक्कल करायची. त्याने काही सांगितलं नाही. फक्त आधी पहिला उतरणारा मुलगा सगळे उतरल्यावर शेवटी उतरायला लागला. त्या अपूला आवाज देणाऱ्या गोऱ्या नटाने 2020 मध्ये ते काम सोडलं, तोवर आमचा मुलगा कॉलेजात पोहोचला होता. म्हणून "चित्राने काय होतं" हे वाक्य मला सहन होत नाही.

चित्र काढून सगळं झालं असंही मी म्हणत नाही. ज्युएल या इथल्या किराणा दुकानाच्या शेल्फावर आता आंट जमायमाच्या जागी ‘पर्ल मिलिंग कंपनी’ या नव्या नावाचं खोकं असतं. तांबडा रंग तोच, बाईच्या जागी पाणचक्की, पीठ पूर्वीचंच. आपल्याकडेही त्याच जूनमध्ये फेअर अँड लव्हलीने नावातला गोरेपणा काढायचं ठरवलं आणि जुलैत ती ग्लो अँड लव्हली झाली. ट्यूब बाथरूममधून कोणी फेकल्याचं मी ऐकलं नाही, आणि स्थळं बघताना "मुलगी उजळ आहे" हे अजून पहिल्या वाक्यात येतं. शादी डॉट कॉमवरची वर्णाची चाळणीही त्याच महिन्यात निघाली, तीही डॅलसमधल्या एका भारतीय बाईंनी अर्ज चालवला म्हणून. हे मी मुद्दाम सांगते, कारण बाहेर राहून आम्ही फुकट उपदेश करतो असं दादाला वाटतं. बाहेर राहिल्यावरच काही गोष्टी टोचायला लागतात.

आणि आपला यात काय संबंध, हे तर महाराष्ट्रातल्या माणसाने विचारूच नये. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. पुण्यात बसून त्यांना तो संबंध दिसला होता. माझा संबंध तर त्याहून सरळ आहे. 1965 च्या स्थलांतराच्या कायद्याने भारतातून येणाऱ्यांसाठी दार उघडलं, आणि ते उघडलं काळ्या माणसांनी नागरी हक्कांसाठी मार खाल्ला, तुरुंग भोगले त्या काळाच्या रेट्यामुळे. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधलं आमचं घर, त्याची बाग, मुलाचं शिक्षण, सगळं त्या दारातून आत आलं. आमच्या मंडळाच्या कार्यक्रमांत काळा पाहुणा मला क्वचित दिसतो. त्यांच्या वस्त्या आम्ही डॅन रायन या महामार्गावरून काचा वर करून ओलांडतो.

ग्रुपवर मी एवढी का चिडते, हे आमच्या यांनीही विचारलं. इथे कोणी मला "तुम्ही लोक" म्हणालं की मी हसून सोडते, परक्या देशात तेवढं चालायचंच. नाशिकहून ते आलं की रात्रभर झोप लागत नाही. इथल्या काळ्या शेजारणीच्या दुःखावर माझा हक्क नाही, आणि तिकडच्या घरात माझं मत आता पाहुणीचं झालंय. दोन्हीकडे मी उंबऱ्यावर आहे. तरी बोलायचं सोडणार नाही, कारण उंबऱ्यावरून दोन्ही खोल्या दिसतात.

दादाच्या बाजूने बोलण्यासारखी एक गोष्ट खरोखर आहे, ती त्याने काढलीच नाही. नॅन्सी ग्रीननंतर आणखी बऱ्याच बायकांनी गावोगाव ती भूमिका केली. 2020 मध्ये त्यांच्यातल्या काहींच्या घरच्यांनी नाव पुसायला विरोध केला, कारण ती त्यांच्या आजीची, पणजीची कमाई होती, त्यांचा मान होता. त्याआधी 2014 मध्ये त्यांच्यातल्याच ॲना हॅरिंग्टन या बाईंच्या वंशजांनी दोन अब्ज डॉलरचा दावा लावला होता. आमच्या पणजीचा चेहरा वापरलात, त्याचा वाटा द्या, असं त्यांचं म्हणणं. पुढच्याच वर्षी दावा फेटाळला गेला, तोही इथल्याच, शिकागोच्या न्यायालयात. कंपनीने चेहरा ठेवला तेव्हाही त्या घरांना वाटा मिळाला नाही आणि काढला तेव्हाही नाही. दादा, हा वाद तू काढला असतास तर मी तुझ्या बाजूने लिहिलं असतं.